एकतिसावा मजला, चौथी खिडकी

१

दोन वर्षं तिचा दिवस घड्याळावर चालत नव्हता, नवऱ्याच्या बनियनवर चालत होता. पहिला बनियन सकाळी उठल्यावर बदलायचा, दुसरा दुपारच्या जेवणानंतर, कारण निम्मं जेवण त्यावर सांडलेलं असायचं, आणि तिसरा दिवेलागणीला. मधेच चादर, मधेच पायजमा. दोरीवर रोज इतके कपडे असत की शेजारपाजारचे गमतीनं म्हणत, तुमच्याकडे काय लहान बाळ आलंय का? ती हसून म्हणायची, हो, बहात्तर वर्षांचं आहे.

सोसायटीत तिला सगळे चित्रबाई म्हणत. एकोणतीस वर्षं तिनं शाळेत चित्रकला शिकवली होती, तेव्हाचं ते नाव. नवऱ्याला लिफ्टमास्तर म्हणत. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. दोन मजल्यांच्या मधे कुणी अडकलं की दाराच्या फटीला तोंड लावून हे आधी आतल्यांना हसवायचे आणि मग पाना हातात घ्यायचे. आता विनोद आठवत नव्हते. लिफ्ट तेवढी आठवत होती. बायको आठवत नव्हती.

"बाई," ते तिला विचारायचे, अगदी आदबीनं, "तुम्हाला कितव्या मजल्यावर जायचंय?"

"सातव्या. आपण सातव्यावरच आहोत."

"मग बरोबर. दार उघडेल आता. घाबरू नका."

घरासमोर, रस्त्यापलीकडे चाळीस मजल्यांचा टॉवर होता. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी तिथेच काढली होती. दिवसभर खुर्चीत बसून ते त्याच्याकडे बघत राहायचे आणि तोवर घरात शांतता असायची. मग एका सकाळी ती चहाचं आधण ठेवून आली तर हे बाल्कनीत, आणि एक पाय कठड्यावर. "ड्यूटीवर निघालोय," म्हणाले. तिची पाचावर धारण बसली. त्या दिवसापासून बाल्कनीला कुलूप लागलं आणि खिडकीवर जाड पडदा आला. टॉवर दिसेनासा झाला तशी त्यांची शांतताही गेली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सपाता घासत ते येरझाऱ्या घालू लागले.

लेक दुसऱ्या शहरात होती. तिनं फोनवर सांगितलं, "आई, बाबांसाठी देखभाल केंद्रात जागा होतेय. एक तारखेपासून. चोवीस तास माणूस असतं तिथे. तू आरशात स्वतःला बघितलंस का कधी?"

"बघते की. रोज बघते."

"मग फॉर्मवर सही कर."

फॉर्म तिनं फ्रीजच्या दाराला चुंबकानं लावून ठेवला. सही झाली नाही, पण तिनं माळ्यावरून चार फुटी कॅनव्हास खाली काढला. तिकडे गेल्यावर निदान टॉवर तरी त्यांच्या डोळ्यांसमोर राहावा.

२

चाळीस मजले, प्रत्येक मजल्यावर अकरा खिडक्या. आधी आभाळ, मग इमारतीचं अंग, मग मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावून एकेक मजला. रंग अ‍ॅक्रिलिक, कारण तैलरंग वाळायची वाट बघायला तिच्याजवळ दिवस नव्हते. शाळेत ती मुलांना सांगायची, अ‍ॅक्रिलिक म्हणजे तापट माणूस. पाच मिनिटांत आवळतो, आणि एकदा आवळला की मग पाण्यानं काय, रडूनही सुटत नाही.

त्यांना आंघोळ घालून, भरवून झालं की ती दिवाणखान्यात कॅनव्हास उभा करायची. ते मागे येरझाऱ्या घालायचे. दहाव्या दिवशी तिनं शेवटची टेप सोलली, करंगळी टेकवून एक कडा तपासली, आणि करंगळीला करडा रंग लागला.

एकतिसावा मजला. डावीकडून चौथी खिडकी.

ती खिडकी तिनं आदल्या दिवशी सकाळी रंगवली होती.

थर जाड झाला असेल, असं म्हणून तिनं चिंधीनं पुसून घेतलं आणि पातळ थर दिला. संध्याकाळी बोट लावलं तर ओला. दुसऱ्या दिवशी ओला. हेअर ड्रायर आणून दहा मिनिटं धरला. शेजारच्या खिडक्या इतक्या तापल्या की रंग करपतो की काय असं वाटलं, पण ही अर्ध्या इंचाची चौकट नुकतंच तोंड धुतल्यासारखी चमकत होती. पंख्याखाली ठेवलं, उन्हात ठेवलं. चार दिवस झाले.

शेवटी तिनं कोपऱ्यावरच्या रंगवाल्याला बोलावलं. रंगवाला म्हणजे तिची जुनी ओळख. मापात बोलणं त्याला ठाऊक नव्हतं.

"बाई, चाळीस वर्षं रंग विकतोय," तो लिफ्ट बंद म्हणून जिना चढून धापा टाकत म्हणाला. "न वाळणारा अ‍ॅक्रिलिक म्हणजे न बोलणारा न्हावी. असा कुणी जन्मालाच आलेला नाही. तुम्ही त्यात ग्लिसरीन-बिसरीन काही घातलंत का?"

"चारशे चाळीस खिडक्या एकाच वाटीतल्या रंगानं रंगवल्यात."

त्यानं अंगठा दाबला. उचलला. अंगठ्यावर करडा चौकोन उमटला होता. त्यानं वास घेतला, मग कॅनव्हासच्या मागे हात घालून नेमक्या त्याच जागी तळवा धरला. बराच वेळ धरला.

"मागून कोरडं आहे," तो म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. "कोरडंच आहे."

"मग?"

"मग काही नाही. ट्यूब खराब असेल. नवी पाठवून देतो."

चहा उकळत होता, तरी तो थांबला नाही. जाण्याआधी मोरीत जाऊन त्यानं अंगठा साबणानं तीनदा धुतला. दारातून मागे वळून लिफ्टमास्तरांकडे बघत म्हणाला, "मास्तर आज एका जागी बसलेत की हो."

खरंच. येरझाऱ्या कधी थांबल्या हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ते खुर्ची ओढून कॅनव्हाससमोर बसले होते आणि वरच्या बाजूला कुठेतरी टक लावून बघत होते.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळमजल्याचं दार रंगवत जमिनीवर बसली होती.

"ती डावीकडची उभी रेघ कललीये बघ."

तिनं मान न वळवता म्हटलं, "कुठली?"

आणि मग तिचा ब्रश हवेतच थांबला. दोन वर्षांत या घरात कुणी तिला 'बघ' म्हटलं नव्हतं. 'बघा' म्हणायचे, परक्या बाईला म्हणावं तसं.

"बाराव्या मजल्यापासून," ते म्हणाले. "आणि अगं, चष्मा कुठाय तुझा? चष्म्याशिवाय कशाला बसतेस? मग डोकं दुखतं, मग माझ्यावर खेकसतेस."

ती तशीच गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापाशी गेली. "मी कोण आहे?"

"हे काय विचारणं झालं?" ते हसले. "घरची मालकीण. मी आपला भाडेकरू."

तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती रडली. अशी रडली की केसांना करडा रंग लागलाय हेही तिला कळलं नाही. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा अडकून वाजत होता आणि त्या आवाजातही तिला वाटलं की जग किती शहाण्यासारखं चाललंय.

४

डॉक्टर म्हणाले, असे चांगले दिवस येतात कधीकधी. फार आशा धरू नका. पण चांगला दिवस एक आला नाही, ओळीनं सात आले.

ते स्वतः आंघोळ करू लागले. स्वतः जेवू लागले. लेकीशी फोनवर बोलताना त्यांनी तिच्या लहानपणी तापात तिला खांद्यावर घेऊन घातलेल्या फेऱ्यांची आठवण काढली, तेव्हा लेक पलीकडून हुंदके देऊ लागली. "आई, तो फॉर्म फाडून टाक," ती म्हणाली. "मी रविवारी येतेय. बाबांना बघायचंय मला. डोळे भरून बघायचंय."

फॉर्म तिनं फाडला. बाल्कनीचं कुलूप काढलं, पडदा सरकवला. जुनी दुर्बीण शोधून समोरच्या खऱ्या टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावरची चौथी खिडकीही बघून घेतली. आत एक बाई संगणकासमोर बसून डब्यातलं काहीतरी खात होती. खिडकीत कुंडी होती. झालं, संपलं. मनातली पाल चुकचुकायची थांबली.

चित्रातली खिडकी अजून ओली होती, पण आता तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शकुन म्हणावा तशी ती रोज एकदा करंगळी लावून बघायची, आणि ओला रंग लागला की तिला बरं वाटायचं. का बरं वाटतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

५

विचारलं ते कपडे धुताना.

आठव्या दिवशी तिनं त्यांचा बनियन बादलीत टाकला आणि परत उचलला. गळा, काख, पोट, सगळं बघितलं. नाकाशी धरला. बनियन कपाटातून आत्ताच काढल्यासारखा होता. आदल्या दिवशीचा शर्टही तसाच. उशीचा अभ्रा तसाच. दोन वर्षं या माणसाचा घाम, लाळ, तेल, मूत सगळं तिनं हातानं धुतलं होतं. त्या अंगाचा वास तिनं दहा खोल्यांपलीकडून ओळखला असता. आता आठ दिवस त्या अंगाला वासच नव्हता. आंघोळीनंतर दोरीवर टाकलेला टॉवेल तिनं चाचपला. कोरडा ठणठणीत.

माणूस बरा झाला की स्वच्छ राहतो, असं तिनं स्वतःला समजावलं. बरं झालेल्याचीही शंका घेणारी आपण किती करंटी, असंही म्हणून पाहिलं. पण शंकेचं असं असतं की एकदा दारात पाय ठेवला की ती बसायला पाट मागते.

दुपारी चहा घेताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही मला पहिल्यांदा बघायला आलात, तेव्हा माझे वडील आणि तुम्ही गच्चीत अर्धा तास उभे होतात. काय बोललात हो तेव्हा?"

छत्तीस वर्षं ती हे विचारत आली होती आणि छत्तीस वर्षं ते म्हणत आले होते, ते आम्हा दोघांचं आहे, तुला मी मरताना सांगेन. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. ते बोलणं आता जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "काय बोललो असू, तुला काय वाटतं?"

"मुलगी हट्टी आहे, सांभाळून घ्या, असं म्हणाले असतील."

"हो," ते हसून म्हणाले. "तेच म्हणाले. मुलगी हट्टी आहे, सांभाळून घ्या."

तिला जिवात जीव आल्यासारखं वाटलं. ते एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी तिनं परत काढलं, "नाही पण, तुम्ही मागे एकदा म्हणाला होतात की त्यांनी नोकरीची चौकशी केली. उंचावरचं काम, जिवाला धोका, असं काहीसं."

"हो, हो. नोकरीचंच बोलले. उंचावरचं काम, जिवाला धोका."

तसंच हसू. तितकाच मऊ आवाज.

मग दिवसभर ती एकेक आठवण काढून बघत राहिली. जे तिला आठवत होतं, ते सगळं त्यांना आठवत होतं, तिच्याच शब्दांत. ती जिथे हजर नव्हती तिथलं त्यांना काहीच सांगता येत नव्हतं. अडकलेल्या माणसांना ते काय विनोद सांगायचे, तेवढंही नाही. त्यांनी घरी येऊन सांगितलेले दोन तिला ठाऊक होते. त्यांनाही तेच दोन ठाऊक होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तो म्हणाला, "भाजी मी चिरू का?" आणि तिच्या लक्षात आलं की मनातल्या मनात आपण त्याला 'ते' म्हणायचं थांबवलंय.

६

सकाळी तो बाल्कनीत पेपर वाचत बसला असताना तिनं रंग खरवडायची पातळ सुरी घेतली. ती खिडकी खरवडून काढायची, खाली पांढरा कॅनव्हास लागेपर्यंत, एवढंच तिच्या मनात होतं.

सुरीचं टोक रंगात टेकलं आणि आत गेलं. तिनं थांबवली नाही. पातं बोटभर गेलं, मग मुठीपर्यंत गेलं. दुसऱ्या हातानं तिनं कॅनव्हासची मागची बाजू चाचपली. कापड सपाट होतं. टोक कुठेही बाहेर आलं नव्हतं.

सुरी काढली तेव्हा पात्यावर करडा रंग होता, आणि पातं कोमट होतं.

तिचे हात शिक्षिकेचे होते, ते आपलं काम करत राहिले. तिनं भिंग आणलं. ओल्या रंगाच्या चकाकीमुळे आधी काही दिसेना. मग तिनं मान तिरकी केली आणि चकाकी सरकली.

आत खोली होती. रिकामी, करडी, ना कपाट ना पलंग. एक खुर्ची, पाठमोरी. खुर्चीच्या पाठीवर एका डोक्याचा मागचा भाग. केस पांढरे, उशीवर एका कुशीला निजून चपटे झालेले. ते केस तिनं दोन वर्षं रोज सकाळी पाण्याचा हात लावून बसवले होते. तिला तोंड बघायची गरज नव्हती.

तिनं कोऱ्या कागदाची सुरळी केली. एक टोक खिडकीला टेकवलं, दुसरं कानाला. बराच वेळ काही नाही. मग सपाता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग खोकला, तो ओला, कफाचा खोकला, जो या घरात गेले दहा दिवस ऐकू आला नव्हता.

"अहो," ती सुरळीत म्हणाली.

सपाता थांबल्या.

"बाहेर कुणी आहे का?" आवाज लांबून येत होता, पण आदब तीच. "आम्ही अडकलोय वाटतं."

"मी आहे. मी आहे इथे. तुम्ही काही खाल्लंत का?"

"तुम्ही घाबरू नका, बाई," आवाज म्हणाला. "मी लिफ्टचाच माणूस आहे. उघडेल दार."

सुरळी बाजूला करून तिनं वळून बघितलं तेव्हा तो बाल्कनीच्या दारात उभा होता. पेपरची नीट घडी केली होती.

"कुणाशी बोलतेस?" त्यानं विचारलं. रागानं नाही. त्याला राग येतच नव्हता.

"माझ्या नवऱ्याशी."

तो कॅनव्हासकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाळत आलाय तो आता. कडेनं बघ."

७

खरंच वाळत होता. रोज तपासताना तिनं करंगळी फक्त मधोमध लावली होती. चौकटीच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या आणि ओला भाग आतल्या बाजूला आक्रसत चालला होता.

त्यानंतरचे दोन दिवस तिनं जे केलं ते कुणी बघितलं असतं तर केंद्राचा फॉर्म तिच्याच नावानं भरला असता. तिनं पाण्याचा फवारा मारला. ओला कापूस चिकटवून ठेवला. ग्लिसरीन लावलं. कॅनव्हास आंघोळीच्या खोलीत नेऊन गरम पाण्याच्या वाफेत उभा केला. वाळलेल्या कडा सुरीनं खरवडायला गेली तर तिथे सुरी कापडावर अडत होती, साध्या कापडावर. ब्लेडनं कॅनव्हास फाडायचाही विचार आला. पण आतलं काय फाटेल कोण जाणे, या भीतीनं तिनं ब्लेड खिडकीतून खाली रस्त्यावर फेकून दिलं.

तो तिला अडवत नव्हता. तिच्यासाठी चहा करून आणत होता, चष्मा आणून देत होता. एकदा तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "तुम्ही जा ना हो तिकडे. परत जा. त्यांना पाठवा."

"कुठे जाऊ?" तो म्हणाला. खरंच न कळल्यासारखं. "मी इथलाच आहे. तू सांग ना, कुठे जाऊ?"

तिला उत्तर सुचेना, म्हणून त्यालाही सुचलं नाही.

रविवारी दुपारी ओला भाग बोटाच्या टोकाएवढा उरला. लेक तासाभरात येणार होती. ती कॅनव्हाससमोर गुडघे टेकून बसली, आणि आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून तिनं करंगळी आत घातली.

पेर गेलं. दुसरं गेलं. रंग कोमट होता. पलीकडे हवा होती, कोंदट, औषध-गोळ्यांचा आणि न धुतलेल्या अंगाचा वास असणारी. तो वास तिच्या नाकापर्यंत आला आणि ती वेड्यासारखी हुंगत राहिली.

मग कुणीतरी तिची करंगळी धरली.

पुरा पंजा होता. एवढ्याशा खिडकीतला पंजा केवढासा असणार, हा हिशेब तिच्या डोक्यात आलाही, पण तिच्या करंगळीला तो हिशेब मान्य नव्हता. मोठा, खडबडीत, किंचित चिकट हात. रस्ता ओलांडताना हे अस्सेच धरायचे.

"केवढा गार हात आहे, बाई, तुमचा," ते म्हणाले. सुरळी नव्हती, तरी आता स्पष्ट ऐकू येत होतं.

"सोडू नका," ती म्हणाली. "धरून ठेवा. मी ओढते. ऐकलंत ना? मी ओढते."

तिनं ओढलं. तिकडून पकड घट्ट झाली, पण काही हललं नाही. कडा मात्र करंगळीभोवती आवळू लागल्या होत्या, फिरवून घट्ट केलेल्या अंगठीसारख्या. बोट आधी लाल झालं, मग जांभळं.

"बोट काढ," मागून तो म्हणाला. "अडकेल."

"अडकू दे."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. लांब, दोनदा.

आतला हात दचकला. "बेल वाजतेय. तुमच्याकडे कुणी आलंय."

"येऊ दे. तुम्ही धरून ठेवा."

"छे छे, असं कसं? जा तुम्ही. घरची माणसं खोळंबतील." थोडा खोकला. मग समजूत काढावी तसा आवाज, फटीला तोंड लावून बोलल्यासारखा, अगदी जवळ. "माझी काळजी करू नका. माझी बायको येईल इतक्यात मला न्यायला. ती कधी उशीर करत नाही."

"अहो, मीच—"

त्यांनी हात सोडला.

तिनं बोट काढलं नव्हतं. हे तिनं पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. हात सुटला तशी कडांनी करंगळी बाहेर ढकलली, फळातून बी निसटावी तशी. तिनं ताबडतोब परत टेकवली. टणक. कोरडं. खाली कापड. मुठीनं ठोकलं तर अख्खा कॅनव्हास ढोलासारखा वाजला.

दार त्यानं उघडलं होतं. "बाबा!" असं ओरडत लेकीनं बॅगा दारातच टाकल्या आणि ती त्याच्या गळ्यात पडली. तो तिच्या पाठीवर थोपटू लागला.

८

सगळे म्हणतात चमत्कार झाला. डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला त्याला दोनदा बोलावून घेतलं. लेक दर महिन्याला येते. तिच्यासमोर चित्रबाई काही बोलत नाहीत. एकदा बोलायचा प्रयत्न केला होता, तेव्हा लेकीनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तू फार थकलीस गं या दोन वर्षांत." तिच्या डोळ्यांत जी काळजी दिसली ती चित्रबाईंनी ओळखली. त्याच काळजीनं फॉर्म आला होता.

घरात आता एकही बनियन बदलावा लागत नाही. दिवस मोकळाच मोकळा.

रंगवाला कॅनव्हास पाठवतो, स्वतः वर येत नाही. सध्या सतरावा चालू आहे. पहिले काही तिनं रीतसर रंगवले, आधी आभाळ, मग इमारत, मग खालून वर एकेक मजला. आता तेवढा धीर नाही. कोऱ्या पांढऱ्या कापडावर मोजून ती थेट एकतिसावा मजला काढते, अधांतरी, खाली काही नाही, वर काही नाही. त्यात अकरा खिडक्या. चौथी सगळ्यात आधी रंगवते आणि तिच्यावर करंगळी ठेवून बसते.

"मी येतेय," ती सांगते. "निघालेच. हे बघा, आलेच."

रंग बोटाखाली ओला असतो तोवर ती बोलत राहते. सहा-सात मिनिटं लागतात.